उजागरेकाका आले म्हणजे

"काका, तुम्ही? डॉक्टर काही बोलले का तुम्हाला?"

खाटेवरची नम्रता ताडकन उठून बसली. शांतवन उजागऱ्यांच्या काखेतल्या बायबलकडे बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं, काही नाही बोलले. पाळकसाहेब गावाला गेलेत, म्हणून मी आलो."

"म्हणजे मी मरणारच."

आता हिला काय सांगायचं! हडपसरच्या त्यांच्या चर्चमध्ये हा चेष्टेचाच विषय होता. उजागरेकाका बायबल घेऊन दवाखान्यात गेले की पेशंट काही घरी येत नाही. लागोपाठ तिघांचं तसं झालंही होतं. लोक हसायचे, काकाही हसायचे. पण गेल्या वर्षी त्यांची बायको मार्था अशाच वॉर्डात वारली, तेव्हापासून दवाखान्यात ते फार वेळ टेकत नसत. एक स्तोत्र, एक प्रार्थना, की सुटले.

त्यांनी खाली जाऊन बायबल स्कूटरच्या डिकीत ठेवलं. तिथूनच घर गाठावं, असं शंभरदा मनात आलं. कोण विचारणार होतं? पण वर ती पोरगी एकटी होती. नवरा कंपनीच्या कामाला अमेरिकेत. निघाला होता, पण उद्याशिवाय पोचत नव्हता. आई जालन्याहून निघायची होती. आणि हृदयाच्या झडपेचं आजचं ऑपरेशन काही कुणासाठी थांबणार नव्हतं. स्वतःवरच चरफडत काका पुन्हा जिना चढले.

नम्रता चपला शोधत होती. "मला घरी सोडा, काका. डिस्चार्ज घेते. आय कान्ट डू धिस."

काका स्टुलावर बसले. रिकामे हात कुठे ठेवावेत, हेच त्यांना कळेना.

"बोला ना काहीतरी!"

"सुचत नाहीये."

"तुम्हाला? रविवारी तर तुमची प्रार्थना संपता संपत नाही. घरी आमचा भात करपतो."

दोघांनाही हसू फुटलं. तिचं मात्र लगेच रडू झालं. "मी वाचेन ना, काका?"

'देव आहे' हे शब्द काकांच्या ओठांवर आले होते. खोटे नव्हतेच ते. पण तेवढं बोललं की उठून जाता येतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"मला नाही माहीत गं," ते म्हणाले. "मलाही भीती वाटतेय. पण मी कुठे जात नाही."

तिने त्यांचा हात घट्ट धरला. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला, तेव्हा चपला तिने स्वतःच खाटेखाली सरकवल्या.

दुपार टळली. ऑपरेशन थिएटरचं दार जरा हललं तरी काका बाकावरून अर्धे उठायचे. संध्याकाळी सिस्टर बाहेर आली.

"नम्रताचं कोण आहे?"

पळत सुटावं, इतकी भीती वाटली. दुसरं कुणी उठतंय का, हेही काकांनी बघून घेतलं.

"मी आहे."

"रक्त थांबत नाहीये. डॉक्टरांनी सगळं केलं. जवळच्या माणसाला आत बोलवा म्हणाले."

नवऱ्याचं विमान अजून हवेतच होतं. आईची एसटी नगरलाही पोचली नव्हती. काका आत गेले, स्टूल ओढलं आणि चादरीखालचा तिचा गार हात शोधून दोन्ही तळव्यांत धरला.

"नमू, मी काका. बसलोय बरं का."

"तिला ऐकू येत नसेल आता," सिस्टर हळूच म्हणाली.

"असू दे," काका म्हणाले, आणि तिचा हात चोळत बसून राहिले.