आउनेबाईंनी न दिलेली कुपी

मित्रांनो, फिनलंडमधल्या कुओपिओच्या एका प्रयोगशाळेत खिडकीलगत बसलेला जुना ढवळ्या, म्हणजे ढवळायचं यंत्र, तो मी. माझ्या पोटात चुंबक फिरतो. वरच्या काचपात्रात एक पांढरी कांडी असते, ती त्याच्यासोबत गरगरते आणि पात्रातलं पाणी ढवळलं जातं. एवढंच माझं काम.

पण काम देणारी माणसं चांगली मिळाली. आउनेबाई सेलेनियमच्या क्षारात क जीवनसत्त्व मिसळायच्या. नितळ मिश्रण बघता बघता शेंदरी व्हायचं. त्यात सेलेनियमचे डोळ्यांना न दिसणारे कण असत. मधुमेही उंदरांना ते अगदी थोडे दिले की त्यांची साखर उतरायची. त्या दिवशी बाई माझ्यावरची धूळ स्वतः पुसायच्या.

त्यांचा धाकटा भाऊ ओइवा सरोवरातल्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. मधुमेह लहानपणापासूनचा. एका हिवाळ्यात डॉक्टर म्हणाले, डोळ्यांत रक्त उतरतंय, लेझर करून घ्या. तो घाबरला आणि थेट आमच्या टेबलाशी आला.

"ताई, एक कुपी दे. उंदरांना चालतं, मग मला का नाही?"

"उंदरांचं मला ठाऊक आहे. तुझं काय होईल ते नाही."

"म्हणजे उंदीर तुला जवळचे."

बाईंनी पात्र कपाटात ठेवून कुलूप लावलं. तो निघून गेला. रविवारच्या जेवणालाही येईना, असं त्या सहकाऱ्यांना सांगायच्या आणि मग उगाच माझं बटण फिरवत बसायच्या.

बर्फ वितळलं तोवर जास्त मात्रा दिलेल्या उंदरांचे केस झडले होते, काही दगावले होते. बाईंनी भावाला बोलावून पिंजरे दाखवले. तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

"टकला झालो असतो म्हणजे."

"नुसता टकला झाला असतास तर टोपी विणली असती रे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी शेजारचा रिकामा पिंजरा दाखवला.

ओइवाने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. लेझर झालं. नजर पूर्ण नाही, पण कामापुरती वाचली. आमचं औषध मात्र अजून उंदरांच्या पुढे गेलेलं नाही. घाई करायची नाही, असं बाई म्हणतात.

मित्रांनो, वस्तू जपा, हे मी म्हातारा सांगणारच. पण आपल्या माणसाला जपताना कधी 'नाही' म्हणावं लागतं, तेही म्हणा.

परवा माझा चुंबक अडखळू लागला, तेव्हा मला भंगारात काढायचं ठरलं. पण ओइवाने मला दुरुस्त करायला मांडीवर घेऊन उघडलं.

"ताई, दिवा जरा जवळ धर. बारीक स्क्रू दिसत नाहीत."

बाईंनी दिवा धरला. हात अवघडला, तरी काम संपेपर्यंत त्यांनी तो हलवला नाही.