कृपया पुन्हा प्रयत्न करा

"चोवीस वेळा?" मी जेवता जेवता ओरडलेच. लॅपटॉपवर एकाच मोबाइल नंबरवरून तीच चूक चोविसाव्यांदा नोंदली गेली होती.

नेरळच्या दोन खोल्यांत बसून मी पुण्याच्या एका कंपनीचं रुग्णवाहिका मागवायचं अ‍ॅप सांभाळते. सांभाळते म्हणजे काय, कोसळलं की उभं करते. वाडीवस्तीच्या पत्त्यात रस्त्याचं नाव नसलं की ते धाडकन बंद पडायचं. आमचा साहेब कमलेश म्हणाला, "मुळातून दुरुस्त करायला आठवडा जाईल. तोवर निदान बंद पडू देऊ नकोस. गोड शब्दांत काहीतरी दाखव." मग मी कसलीही चूक आली तरी ती मधल्यामध्ये झेलायची सोय केली आणि लिहिलं, 'क्षमस्व! थोडी अडचण आली आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करा.' त्यातलं 'कृपया' खास माझं. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं, आता सांगायची लाज वाटते.

मी तो नंबर फिरवला.

"काका, मी हर्षला. रुग्णवाहिकेच्या अ‍ॅपमधून बोलतेय. तुम्ही..."

"आली का गाडी? मी धाऊ, कर्जतच्या कोंडाण्यातना. मंडळीला घोणस चावलीय, भात कापताना. दीड तास झाला. पाय निस्ता सुजत चाललाय."

"अहो, मग दुसरी गाडी नाही बघितलीत?"

"शेजारच्या नागूचा टेंपो उबा व्हता ना दारात. मीच सोडला त्याला. तुमी लिवलंय पुना करा, म्हनून करतोय. म्हनलं, आत्ता येल."

अ‍ॅप पहिल्यासारखं बंद पडलं असतं, तर हा माणूस मला चार शिव्या हासडून टेंपोत बसला असता.

"काका, गाडी येणार नाही. थांबू नका! टेंपो, मोटारसायकल, मिळेल त्यात घाला त्यांना आणि कर्जत गाठा."

"येनार नाय? मंग तसं लिवायचं ना, ताई."

कर्जतच्या दवाखान्यात फोन करून मी सापाच्या विषावरचं औषध तयार ठेवायला सांगितलं. मग कमलेशला न विचारता मजकूर बदलला. 'अ‍ॅप चालत नाही. वाट पाहू नका. दुसरी गाडी पकडा.' पाच मिनिटांत त्याचा फोन.

"वेडबिड लागलंय का तुला? असं वाचून लोक अ‍ॅप काढून टाकतील."

"टाकू देत," मी म्हटलं आणि मला रडू कोसळलं.

तीन वाजता न राहवून मी पुन्हा धाऊकाकांना फोन लावला.

"पोचलात का, काका?"

"पोचलो. डाक्टर म्हनले, उशीर झाला."

मला माफी मागायची होती. त्याआधी तेच मला समजावल्यासारखं म्हणाले, "ताई, तुमी गाडी सांगितली असंल तं ऱ्हाऊ द्या आता. दुसऱ्या कुनाला लागंल."