बिननावाचा प्रस्ताव

दुर्बिणीचा वेळ वाटणाऱ्या समितीपुढे जे प्रस्ताव येतात त्यांवर नाव नसतं. कोणी लिहिला, कुठल्या संस्थेतला, बाई की बुवा, काही म्हणजे काही कळू द्यायचं नाही, असा नियम. नियम चांगलाच आहे. पण शास्त्रज्ञ हीही शेवटी माणसंच, त्यामुळे नाव झाकलं रे झाकलं की प्रत्येकाला आधी तेच ओळखायचा नाद लागतो. हा अमक्याचा, 'किंबहुना' इतक्या वेळा दुसरं कोण लिहिणार? तो तमक्याचा, आलेखातला तो भडक हिरवा रंग बघा. विज्ञान राहतं बाजूला आणि कोडी सोडवणं सुरू होतं.

बाई या खेळात स्वतःला तरबेज समजत. बाई म्हणजे वेधशाळेतल्या लहानथोर सगळ्यांच्याच बाई. आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिकांच्या मध्यातून बाहेर उसळणाऱ्या वायूवर त्यांची हयात गेली होती. दीर्घिकेच्या पोटात एक अवाढव्य कृष्णविवर बसलेलं असतं. भोवतालचा वायू त्याच्याकडे ओढला जातो, पण सगळाच काही गिळला जात नाही. अधाशी माणसाच्या ताटाभोवती सांडतं तसं तिथेही सांडतं, फक्त हे सांडणं म्हणजे भयंकर वेगाने बाहेर फेकलं जाणं. वायूच निघून गेला की नवे तारे घडायला माल उरत नाही आणि दीर्घिका हळूहळू विझत जाते. "मधली चूल इतकी भडकते की घरातलं सरपणच संपतं," असं बाई वर्गात सांगायच्या. हे वाक्य इतक्या जणांनी इतक्या वर्षांत ऐकलं होतं की ते बाईंच्या नावावरच जमा झालं होतं.

त्यांच्या साऱ्या विद्यार्थ्यांत त्यांचा जीव होता तो शंकावर. हे तिचं खरं नाव नव्हे. पहिल्या दिवसापासून ती दर पाच मिनिटांनी हात वर करून "बाई, एक शंका" म्हणायची, म्हणून सगळ्यांनी तिचं बारसं केलं ते कायमचं. बाईंना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. शंका उपाशी आहे की जेवली, हे त्यांना तिच्या चालण्यावरून कळायचं. आता ती दुसऱ्या शहरातल्या संस्थेत मुदतीच्या नोकरीवर होती आणि मुदत संपत आली होती. या खेपेला दुर्बिणीचा वेळ मिळाला तर संस्था तिला ठेवून घेणार होती, नाही मिळाला तर नारळ. हे बाईंना ठाऊक होतं. पण "समितीवर तुम्ही आहात, तेव्हा प्रस्तावाबद्दल मी चकार शब्द काढणार नाही," असं शंकाने फोनवर बजावलं होतं. बाईंना तिचं कौतुक वाटलं आणि थोडा रागही आला.

प्रस्तावांचा गठ्ठा आला तेव्हा वायूच्या उसळीवरचे दोन निघाले. एकाच विषयाला दोनदा वेळ देत नाहीत, म्हणजे एक राहणार आणि एक जाणार हे उघड होतं.

पहिल्याच्या पहिल्याच परिच्छेदात चूल होती. सरपणही होतं. बाईंची मांडणी, बाईंचीच वळणं, बाईंच्या जुन्या निबंधांचे दाखले, सगळं कसं जागच्या जागी. वाचता वाचता बाईंना भरून आलं. पोरगी माझं बोट सोडून गेली, पण माझं बोलणं तिने सोडलं नाही, असं त्यांना वाटलं.

दुसरा प्रस्ताव तिरपागडाच होता. त्यात म्हटलं होतं की बाहेर फेकला गेलेला वायू नुसता वाया जात नाही. तो जाता जाता निवतो, आणि त्या धावत्या वायूतच नवे तारे जन्मत असावेत. एका दीर्घिकेकडे दुर्बीण लावू द्या, तसे तारे असतील तर ते त्या वायूच्याच वेगाने पळताना सापडतील. बाईंनी पहिलं पान वाचलं, पुढची पानं चाळली आणि शेरा लिहिला: "धावत्या वायूत तारे जन्मतात असं ज्याला वाटतं, त्याने अजून वायूच नीट पाहिलेला नाही." शेरा बोचरा होता हे त्यांना कळत होतं. बोचराच हवा होता. हा प्रस्ताव आडवा झाला की चुलीच्या प्रस्तावाची वाट मोकळी.

एक नियम आणखी होता. प्रस्ताव आपल्या माणसाचा आहे अशी नुसती शंका जरी आली, तरी अध्यक्षांना सांगायचं आणि चर्चा संपेपर्यंत बाहेर जाऊन बसायचं. बाईंनी आजवर तो कसोशीने पाळला होता. त्या दिवशी समितीच्या खोलीत चुलीचा प्रस्ताव निघाला, अध्यक्षांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं, आणि बाई खुर्चीला चिकटून बसल्या. मी बाहेर गेले तर हिची बाजू घेणार कोण? नंतर त्या अशा काही बोलल्या की कॉफीच्या यंत्राशी झटापट करणारे दोघेही येऊन मुकाट्याने बसले. दुसऱ्या प्रस्तावावर एक तरुण सभासद म्हणाला, "मला यात दम वाटतो. बाई, तुम्ही शेवटपर्यंत वाचलात ना?" बाई म्हणाल्या, "शितावरून भाताची परीक्षा होते." सगळे हसले आणि प्रस्ताव पडला.

यादी पक्की झाल्यावर अध्यक्ष नावं उघडतात. चुलीचा प्रस्ताव निघाला पोपटाचा. पोपट म्हणजे पलीकडच्या वेधशाळेतले एक गृहस्थ. दुसऱ्यांची वाक्यं घोटून घोटून ती आपलीच असल्यासारखी बोलायची हातोटी असल्यामुळे बाईंनीच त्यांना हे नाव दिलं होतं. आता पोपट झाला होता तो बाईंचा. पण हसू यायला वेळच मिळाला नाही, कारण पुढचंच नाव शंकाचं होतं. त्या पडलेल्या प्रस्तावावरचं.

घरी येऊन बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो दंतवैद्य. चार लोकांच्या तोंडात हात घालून झाल्यावर स्वतः फारसं तोंड न उघडणारा.

"तिला शेऱ्याखाली नाव दिसतं का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग गप्प बस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"अरे, पण मीच मारलं रे तिला. दुसऱ्या कोणी नाही, मी."

"हो. पण हे तिला सांगून तिचं काय भलं होणार? तुझं मन हलकं होईल, एवढंच."

बाई रागावून आत निघून गेल्या. राग येण्याचं कारण हेच, की तो बरोबर बोलत होता.

आठवड्याभराने शंका आली. ती रडवेली असेल, असं बाईंनी गृहीत धरलं होतं. ती आली ती तणतणत, आणि खुर्चीत बसायच्या आधीच तिने शेऱ्याचा कागद टेबलावर आपटला.

"बघा बाई, कोण्या दीडशहाण्याने काय लिहिलंय! वायूच नीट पाहिलेला नाही म्हणे. याने दुसरं पान तरी उलटलंय का?"

बाईंनी कागदाला हात लावला नाही.

"तुम्ही बाहेर गेला असणार, मला ठाऊक आहे," शंका म्हणाली. "तुम्ही ओळखलं असणार आणि नियमाप्रमाणे उठून गेला असणार. तुम्ही खोलीत असतात तर याची काय बिशाद होती! पण जाऊ दे. मी पुन्हा टाकणार आहे. हवामान खात्यातून बोलावणं आलंय, त्यांना नाही म्हणून सांगते. पुढच्या फेरीपर्यंत दादाकडे राहीन. वहिनी थोडं तोंड वाकडं करेल, करू दे. असल्या शहाण्यांसाठी मी माझे तारे सोडणार नाही."

ती हे सांगत असताना तिचे डोळे चमकत होते. तेवढ्यावरच थांबायला हवं होतं. "टाक बाळा, मी मदत करते," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण ते 'तुम्ही बाहेर गेला असणार' बाईंना सोसवेना.

"मी बाहेर गेले नव्हते," बाई म्हणाल्या. "शेरा माझा आहे."

शंका आधी हसली. मग तिने कागद उचलून ते वाक्य पुन्हा वाचलं, अगदी हळू.

"मला माहीत नव्हतं गं तुझा आहे म्हणून. मला तो दुसरा तुझा वाटला. त्यात माझीच वाक्यं होती. मला वाटलं, तू माझ्यासारखंच लिहिणार."

"पण तुम्हीच म्हणायचात, माझी री ओढू नकोस, स्वतःचं काहीतरी लिही."

"म्हणायचे."

शंकाने कागद पुन्हा टेबलावर ठेवला. मघाची तणतण कुठल्या कुठे गेली होती. "मला वाटत होतं, कोणीतरी अडाणी माणूस आहे," ती म्हणाली. "बाई, मग हे खरं आहे का?"

"नाही! अगं मुळीच नाही. तो प्रस्ताव पाडायचा म्हणून मी तसं लिहिलं. मी धड वाचलाच नाही."

"तुम्ही न वाचता लिहिणाऱ्यातल्या नाही. मला पंधरा पंधरा वेळा लिहायला लावायचात." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं. "आता समोर मी बसले आहे, म्हणून तुम्ही चांगलं बोलताय. तेव्हा माझं नाव माहीत नव्हतं. नाव माहीत नसताना लिहिलंत ना, मग तेच खरं. त्याचसाठी तर नावं झाकतात."

यावर बाई पुष्कळ बोलल्या. चुकले म्हणाल्या, माफ कर म्हणाल्या, लाज सोडून रडल्यासुद्धा. शंकाने त्यांना पाणी आणून दिलं, वाकून नमस्कार केला आणि ती गेली. कागद तिने आठवणीने बरोबर नेला.

त्यानंतर महिन्याभराने धीर करून बाईंनी तिचा प्रस्ताव पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. दुसऱ्या पानावर बाईंच्या आक्षेपाचं उत्तर आधीच दिलेलं होतं, तेही बाईंना कधी सुचलं नसतं इतकं सरळ. वायूच्या कडेला गारवा कुठे असेल, तारे कुठे शोधायचे, ते जुनेच आहेत असं कोणी म्हणालं तर काय पुरावा द्यायचा, सगळं विचारून ठेवलेलं. प्रत्येक ठिकाणी तिने आपणच हात वर केला होता आणि आपणच उत्तर दिलं होतं. बाईंच्या विषयात इतकं नवं कोणी बऱ्याच वर्षांत लिहिलं नव्हतं, स्वतः बाईंनीसुद्धा. चुलीचं एक अक्षर त्यात नव्हतं. त्या स्वतःला शोधत बसल्या होत्या आणि पोरगी त्यांच्या कितीतरी पुढे निघून गेली होती.

त्यांनी लगेच फोन लावला. शंका हवामान खात्यात रुजू झाली होती. मागे माणसांची गडबड ऐकू येत होती.

"शंका, मी वाचला. आता खरोखर वाचला. फार मोठं काम आहे गं. पुढच्या फेरीत टाक. मी समिती सोडते, हवं तर सगळ्यांसमोर सांगते की मी चुकले. माझं ऐक. हे सोडू नकोस."

शंका खूप मायेने, आजारी माणसाशी बोलावं तशी बोलली.

"तुम्ही माझ्या बाई आहात ना. तुम्ही असंच म्हणणार."

बाई पुढे काही बोलणार, तेवढ्यात तिला तिथे कोणीतरी हाक मारली. "ठेवते हं," म्हणून तिने फोन ठेवला.