अक्काचं मागणं

नागवेणीनं धण्याजिऱ्याच्या गरम कषायाचा पेला भागीरथीअक्कासमोर ठेवला आणि कुणी विचारलं नसताना नवऱ्याच्या पाठदुखीबद्दल सांगायला सुरुवात केली. पाठीवरून ती रक्तदाबावर आली, मग साखरेवर. साखर तशी अजून झालेली नव्हती, पण काठावर होती म्हणे. सुब्राय अंगणाकडे तोंड करून सुपारी सोलत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं.

अक्काच्या दोन्ही मूत्रपिंडांत गाठी निघाल्याचं सागरहून कळलं, त्या दिवसापासून या घरात तिचा फोन उचलला गेला नव्हता. दोन्ही मूत्रपिंडं बिघडलेली आणि पाठचा भाऊ सुब्राय एकुलता एक. ती काय मागणार हे कुणीही सांगितलं असतं. आज ती न कळवता सकाळच्या बसनं आली होती, काखेत जाडजूड फाइल घेऊन. मुली शाळेत गेल्या होत्या, हे नागवेणीला बरंच वाटलं.

जेवताना अक्कानं ताकातली तंबुळी दोनदा वाढून घेतली. यंदा बागेत सुपारी सडवणारा कोळेरोग किती पडला, मोठी सायकलवर जाते का, असं काहीबाही विचारलं. उजव्या कुशीतली शस्त्रक्रियेची जखम अजून ओढत होती, म्हणून ती जरा वाकडी बसली होती. आई गेल्यावर याच बाईनं सुब्रायला भरवून वाढवलं होतं, आणि चार महिने तो वाजणाऱ्या फोनकडे नुसता बघत राहिला होता. त्याला लाज वाटत होती, पण भीती तिच्याहून मोठी होती.

पानं उचलल्यावर त्यानंच विषय काढला.

"अक्का, तू बोलायच्या आधीच सांगतो. माझ्यानं नाही व्हायचं. मला दोन मुली आहेत."

नागवेणी दारातच थांबली.

"म्हणूनच आले मी," अक्का म्हणाली.

तिला मूत्रपिंड नकोच होतं. डॉक्टरांनी उजवीकडची मोठी गाठ तेवढी कोरून काढली होती. डावीकडच्या दोन लहान गाठींना हातही लावला नव्हता. त्या तीन सेंटिमीटरच्या होईपर्यंत अधूनमधून स्कॅन करून लक्ष ठेवायचं होतं. तिच्या गाठींचं मूळ वडिलांकडून आलेल्या जनुकातल्या दोषात होतं, त्यामुळे जन्मभर नव्या उगवतच राहणार होत्या. प्रत्येकीसाठी कापत बसलं तर मूत्रपिंड उरणार नाही, आणि नजर ठेवली नाही तर एखादी पसरेल. वडील बेचाळिसाव्या वर्षी लघवीतून रक्त जाऊन गेले, तेव्हा यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं.

"तुझ्यात तो दोष असेल किंवा नसेल, निम्मी निम्मी शक्यता," ती म्हणाली. "नसेल तर पोरी सुटल्या. असेल तर गाठ वाटाण्याएवढी असताना कळू दे. फोनवर एवढंच सांगायचं होतं रे."

सुब्रायला एक्केचाळीस पुरी झाली होती. अक्कानं त्याच्या नावाची रक्ततपासणीची चिठ्ठी पुढे केली, पण त्याचा हात उठला नाही. शेवटी नागवेणीनं पुढे होऊन ती घेतली आणि रक्त कधी द्यायचं ते विचारलं. उद्या सकाळी, अक्का म्हणाली. ती बरोबर जाणार होती.

मग सुब्रायनं खाली बघत विचारलं, "आणि तुला पुढेमागे किडनी लागलीच तर?"

"तुझ्यात दोष निघाला तर तुझी चालायची नाही. माझ्यासाठी जीव टाकून आलास, तरी डॉक्टर परत पाठवतील."

नागवेणी चिठ्ठीची घडी घालत होती. घालून झाली तरी तिनं मान वर केली नाही.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "दुसऱ्या घरातून आलेल्या माणसाची चालते का?"