अकराशे अठ्ठ्याऐंशीला शून्य

उत्तरपत्रिकेचं सातवं पान पडद्यावर उघडलं आणि ग्लेनिस हार्करचं डोकंच फिरलं.

हेटी स्टॉर गणितात एका मार्काने नापास झाली होती. व्हिटबी बंदरातल्या बोटी बांधणाऱ्या कारखान्यात तिला शिकाऊ म्हणून घ्यायचं ठरलं होतं. अट एकच, गणितात पास. एक मार्क कुठे सांडला ते बघायला ग्लेनिसने बोर्डाकडून पेपर मागवला होता. पाच वर्षं तिने ह्या पोरीला गणित शिकवलं होतं. त्यातली तीन तर नुसती भागाकाराशी मारामारी करण्यात गेली होती.

सातव्या पानावर प्रश्न होता: ५९.४ गुणिले ८.२, भागिले ०.४१. हा कॅल्क्युलेटरविना द्यायचा पेपर. मागच्यापुढच्या प्रश्नांची सुरुवात ‘कॅल्क्युलेट’ने होती, ह्या एकाची ‘एस्टिमेट’ने. म्हणजे आकडे आधी गोल करायचे, साठ गुणिले आठ भागिले शून्य पॉइंट चार, आणि उत्तर लिहायचं बाराशे. एवढं केलं की तीन मार्क खिशात. हेटीने गोलबिल काही केलं नव्हतं. समासात वरपासून खालपर्यंत गुणाकार मांडला होता, त्याखाली लांबलचक भागाकार, दोनदा खोडून तिसऱ्यांदा केलेला. खाली, दोन रेघा ओढून, उत्तर होतं: ११८८. अगदी अचूक. आणि त्याच्या शेजारी तपासणाऱ्याचं शून्य.

“तिने शब्दच वाचला नाही,” क्लाइव्ह पॅलिस्टर तिच्या खांद्यावरून बघत म्हणाला. तो गणित विभागाचा प्रमुख. सुट्टी असल्याने अर्ध्या चड्डीत आला होता आणि हातातला चहाचा मग काही खाली ठेवत नव्हता.

“तिने गणित सोडवलं.”

“ते विचारलं नव्हतं.”

“क्लाइव्ह, माणूस अंदाज कधी करतो? खरं उत्तर ठाऊक नसतं तेव्हा. हिला ठाऊक होतं.”

“आणि उद्या मशीनवर एक शून्य जास्त दाबलं गेलं, तर हिच्या लक्षात येईल? त्यासाठीच तर अंदाज शिकवतो आपण. तूच शिकवतेस, ग्लेनिस, आणि माझ्यापेक्षा बरं शिकवतेस.”

हे खरं होतं, म्हणूनच तिला जास्त झोंबलं. क्लाइव्हला दोन शब्द सुनवावेत असं तिला फार वाटलं, पण मूर्खपणाचं असं तो काहीच बोलत नव्हता. माणूस चुकत असेल तर त्याच्यावर ओरडता तरी येतं.

“फेरतपासणीला पाठवते,” ती म्हणाली.

“पाठव की. नियमाप्रमाणेच दिलंय त्यांनी. शून्याचं शून्यच परत येईल.”

तिने तरीही पाठवलं. शून्याचं शून्यच परत आलं.

मग तिने कारखान्याच्या मालकाला फोन केला. तो भला माणूस होता. पोरगी हुशार आहे, हात चांगला आहे, सगळं त्याला मान्य होतं. “पण बाई, एकीला सवलत दिली की उद्या दहाजण दारात उभे राहतील. नोव्हेंबरात परत बसू दे तिला. पास झाली तर जागा तिचीच. नाही झाली तर मग मी दुसरं कोणी बघतो.”

सप्टेंबरात शाळा सुटल्यावर हेटी तिच्या वर्गात आली. दप्तर बाकावर आपटलं आणि कोट न काढताच बसली.

“आईनं पाठवलं म्हणून आलेय, मिस. मी काही परत बसणार नाहीये.”

“का?”

“का म्हणजे? बरोबर काढलं होतं ना मी?”

“बरोबर होतं.”

“मग? तुम्ही तीन वर्षं माझ्या मागे लागलात, भागाकार कर, भागाकार कर. पहिल्यांदा पेपरात जमला मला. बाहेर पडल्यावर आईला सांगितलं मी, तो भयंकर भागाकार पण सुटला म्हणून. आणि तो तुमचा शहाणा शून्य देतो?”

ग्लेनिसचा जीव तुटला. तो तपासणारा, तो नियम, ते बोर्ड, सगळे गेले खड्ड्यात, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण नोव्हेंबरात तीच परीक्षा होती, तेच नियम होते, आणि ही पोरगी अशीच फुरंगटून घरी गेली तर बोटींच्या जागी आयुष्यभर कुठल्यातरी दुकानात मासे तळत बसली असती. नियमाचीच बाजू घ्यावी लागणार हे ठरलेलंच होतं. त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

“कोट काढ,” ती म्हणाली. “तुला बोटी बांधायच्यात ना?”

 हेटीने कोट काढला.

ग्लेनिसने कागद पुढे सरकवला. १९.८ गुणिले ५.१, भागिले ०.३४. वर, मुद्दाम ठळक अक्षरात, ‘एस्टिमेट’. हेटीने पेन्सिल उचलली आणि झरझर मांडायला लागली. ग्लेनिसने अडवलं नाही. अडवायला हवं होतं, पण त्या पोरीचा हात आता कुठे अडखळत नव्हता, ते बघतच ती बसली. हेटीने दोन रेघा ओढल्या. २९७. अचूक.

“शून्य,” ग्लेनिस म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज किळसवाणा वाटला.

 हेटीने खोडरबर घेतला आणि सगळं खोडायला लागली, आधी उत्तर, मग भागाकार, मग गुणाकार, कागद चुरगळेपर्यंत. राहिलेल्या जागेत लिहिलं: वीस गुणिले पाच, भागिले शून्य पॉइंट तीन. उत्तर, सुमारे ३३३. तिने कागद फिरवून ग्लेनिसपुढे ठेवला.

“आता नीट चुकलं का, मिस?”

ग्लेनिसने लाल पेन उचललं आणि तीनपैकी तीन मार्क दिले.