लंडनचे घरमालक

कॉम्रेड हॉब्ली सोमवारी दुपारी अमेरिकेत, क्युपर्टिनोला, चारुदत्त निमकरच्या दारात उभे राहिले, आणि नेमकी गुरुवारी चारुदत्तची नागरिकत्वाची मुलाखत होती. ‘तुम्ही कधी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होता का?’ हा प्रश्न तिथे ठरलेला. साल शहाऐंशी. त्या प्रश्नावर हसायची सोय नव्हती.

हॉब्ली म्हणजे ब्रिटिश कम्युनिस्टांचे मोठे पुढारी. सहा निवडणुका लढले, सहाही वेळा आपटले. भाडेकरूंच्या संपापायी दोनदा तुरुंगात गेले आणि एवढ्या कर्तबगारीवर हयातभर पुढारी राहिले. इथल्या एका विद्यापीठाने व्याख्यानासाठी खटपट करून त्यांना व्हिसा मिळवून दिला होता. लंडनमध्ये आपल्या रंगाच्या माणसाला कोणी खोली देईना, तेव्हा त्यांनीच चारुदत्तला दोन वर्षं घरात ठेवून घेतलं होतं. तेव्हा हा पठ्ठ्या स्टेशनबाहेर पक्षाचं वर्तमानपत्र विकायचा आणि जगातल्या तमाम मालकांना शिव्या घालायचा. आता त्याची स्वतःची दोन घरं होती, त्यातलं एक भाड्याने दिलेलं.

पाहुणा आला म्हटल्यावर मराठी मंडळाची माणसं जेवायला येणारच. चारुदत्तने डोकं लढवलं आणि ओळख करून दिली, "हे माझे लंडनचे घरमालक."

मंडळी खूश झाली. प्रत्येकाने एखादं घर भाड्याने दिलेलं होतंच. राजीवने श्रीखंडाची वाटी पुढे सरकवत विचारलं, "भाडेकरू डोक्यावर बसला तर काय करायचं, सर?"

हॉब्लींनी चारुदत्तकडे पाहिलं. काय चाललंय ते त्यांच्या ध्यानात आलं.

"जेवू घालायचं," ते म्हणाले.

सगळे हसले. "यार चारू, लकी आहेस," राजीव म्हणाला. मग मंडळाच्या रिवाजाप्रमाणे शाल-श्रीफळ देऊन आदर्श घरमालकाचा सत्कार झाला.

गुरुवारी अधिकाऱ्याने तो प्रश्न विचारला. चारुदत्त "नाही" म्हणाला, ते इतक्या सहज की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

तो घरी आला तेव्हा हॉब्ली निघून गेले होते. बायकोने, सुलेखाने, त्याच्या हातात एक पाकीट ठेवलं. आत त्याचं पंचवीस वर्षांपूर्वीचं पक्षाचं सभासदपत्र होतं, खाली त्याचीच ठसठशीत सही. सोबत चिठ्ठी: ‘सुलेखाच्या नाताळच्या कार्डात मुलाखतीचं वाचलं. पक्षाच्या कपाटातून हे काढलं. पोस्टाने पाठवायचा धीर झाला नाही, म्हणून व्याख्यान पत्करलं. सोमवारीच देणार होतो, पण तू फार घाबरलेला दिसलास. आता तुझं नाव तिथे कुठेही नाही.’

चारुदत्तने चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. त्याला लाज वाटली.

"शाल नेली नाही त्यांनी," सुलेखा म्हणाली. "म्हणाले, घरमालकाला द्या."