साठ घोडे की तीनशे

जेट-स्की घ्यायची तर तीनशे घोड्यांच्या इंजिनाचीच, असं बोका व्हिएखा या मच्छीमार गावातल्या पुरुषांनी ठरवून टाकलं होतं. बुडणाऱ्याला वाचवायचं यंत्र ते, त्यात जोर नको का? मच्छीमार संघाचा अध्यक्ष ओल्मेदो तर उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. यंत्र अजून गावात आलं नव्हतं, आणि हा त्याला रंग कुठला द्यायचा ते सांगत फिरत होता.

दिग्नाला मात्र साठ घोड्यांचं लहान यंत्र हवं होतं. ती ओल्मेदोच्या धाकट्या भावाची, एलोयची विधवा. मागच्या वर्षी नदीच्या मुखाशी एलोयची होडी उलटली ती भर दिवसा, किनाऱ्यावरून त्याचा शर्ट ओळखू यावा इतक्या जवळ. दिग्ना छातीभर पाण्यात गेली होती. त्यापुढे लाटांनी तिला जाऊ दिलं नाही. सगळ्या बायकांच्या डोळ्यांदेखत माणूस गेला. तेव्हापासून तिला एकच ध्यास लागला होता. या किनाऱ्यावर पुन्हा कुणा बाईने असं नुसतं बघत उभं राहायचं नाही. लग्नाआधी तिने आताकामेसला पर्यटकांना जेट-स्कीवर फिरवून पोट भरलं होतं, त्यामुळे यंत्र ती चालवणार यावर गावाचं एकमत होतं. भांडण होतं ते फक्त इंजिनाचं.

रविवारी सगळ्या होड्या वाळूवर होत्या. मान्ताहून उल्पियानो नावाचा विकणारा आपल्या ट्रेलरवर दोन्ही जुनी यंत्रं घेऊन आला. मोठं काळं कुळकुळीत. लहान पिवळं, साठ घोड्यांचं, उन्हाने विटलेलं, सीटला टाके घातलेले. पुरुष काळ्याभोवती जमले. पिवळ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. दहाबारा जणांनी काळं यंत्र ढकलगाडीवर चढवून पाण्यात लोटलं, ओल्मेदोच्या भाच्याने फेरी मारली, आणि त्या गर्जनेने धक्क्यावरचे सगळे पेलिकन उडाले.

ओल्मेदोने विजयी मुद्रेने भावजयीकडे पाहिलं. दिग्नाने ते यंत्र परत वाळूवर आणायला लावलं आणि पुरुषांना बाजूला व्हायला सांगितलं.

"भावजी, होड्या परतताना उलटतात, तेव्हा तुम्ही सगळे कुठे असता?"

"समुद्रात. आणखी कुठे असणार?"

"आणि संघाची गाडी?"

"बाजारात गेलेली असते."

"मग किनाऱ्यावर कोण असतं?"

चौदा बायका एप्रन खोचून पुढे आल्या आणि काळ्या यंत्राला भिडल्या. ओल्या वाळूत ढकलगाडीची चाकं रुतली ती रुतलीच. शिवाय कमरेइतकं पाणी लागेपर्यंत इंजिन चालू करायची सोय नाही, नाहीतर ते वाळू ओढून घेतं आणि कायमचं बसतं. बायका घामाघूम झाल्या, यंत्र वीतभर पुढे गेलं.

म्हातारी पेतिता हातातला केळ्याचा तळलेला गोळा खात हे बघत होती. गावाची रापण, ते किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं, ओढताना आरोळी द्यायचा मान तिचा.

"तीनशे घोडी आहेत खरी," ती म्हणाली, "पण सगळी वाळूत पेंड खात बसलीत."

उल्पियानोने घाईघाईने एखादा ट्रॅक्टर घ्यायचा सल्ला दिला. तो तू आंदण देणार का, असं पेतिताने विचारलं. मग पिवळं यंत्र चौघी बायकांनी बोलता बोलता पाण्यात नेऊन सोडलं. दिग्नाला वाटलं, आपण जिंकलो.

पण ओल्मेदो बढाईखोर असला तरी मूर्ख नव्हता. तीस वर्षं त्याने नदीचं हे मुख पाहिलं होतं.

"जाईल गं ते," तो म्हणाला. "परत येईल का? होडीत तिघे असतात. ओहोटीला नदी सगळं बाहेर ओढते. चल, आत्ता ओहोटीच आहे. मी बुडतो, तू वाचव."

तो आणि आणखी दोघे धिप्पाड गडी यंत्रामागे बांधलेल्या तरंगत्या गादीवर पालथे पडले. जाताना पिवळं यंत्र लाटांवरून टुणटुण उड्या मारत गेलं. येताना मात्र मुखाच्या ओढीत सापडलं. इंजिन किंचाळत होतं आणि काठ तसूभर जवळ येत नव्हता. शेवटी तिला प्रवाहासोबत वाहत जाऊन पार खडकांपलीकडे काठ गाठावा लागला. एवढ्या वेळात मी दोनदा मेलो असतो, असं ओल्मेदोने सगळ्यांना ऐकवलं. लोक हसले.

दिग्नाला भयंकर राग आला. यंत्राचा आला, हसणाऱ्यांचा आला, आणि ओल्मेदो बरोबर होता याचा सगळ्यात जास्त आला. एक पाण्यात जात नाही, दुसरं पाण्यातून येत नाही. उल्पियानो काळ्या यंत्राची किल्ली बोटाभोवती फिरवू लागला होता. तिने मान फिरवली. समोर पेतिता रापणीच्या दोराच्या वेटोळ्यावर बसून बोटं चाटत होती. दिग्ना त्या वेटोळ्याकडे बघतच राहिली.

"पेतिता मावशी, जरा उठा," ती म्हणाली. "भावजी, पुन्हा बुडा."

"आता आणखी काय?"

"बुडा म्हणते ना."

तिने दोराचं एक टोक गादीच्या कडीला आवळून बांधलं. दुसरं बायकांच्या हाती दिलं. तिघांना घेऊन यंत्र निघालं तसा बायका दोर सोडत गेल्या, रापण टाकताना सोडतात तसाच. मुखापाशी पोचल्यावर तिने आधी इंजिन बंद केलं, कारण दोर इंजिनात ओढला गेला असता तर सगळंच संपलं असतं. मग हात वर केला.

किनाऱ्यावर पेतिताने आरोळी दिली. चौदा बायका टाचा रोवून मागे झुकल्या. भरलेली रापण याच ओहोटीतून ओढत त्यांचं आयुष्य गेलं होतं, तिथे चार माणसं आणि एक हलकं यंत्र म्हणजे काय मोठंसं? दोर ताणला. गादी थरथरली आणि निघाली. एक लाट तिघांवरून गेली, ओल्मेदो ठसकला, पण गादी थांबली नाही. ती सरळ वाळूवर येऊन टेकली.

या वेळी कुणी हसलं नाही. ओल्मेदो नाकातोंडातलं पाणी काढत उठला आणि उल्पियानोला म्हणाला, "काळं चढव परत ट्रेलरवर."

"आणि आमचा वाटा?" पेतिताने विचारलं. दोर ओढणाऱ्या प्रत्येक हाताला मासा, हा त्या किनाऱ्याचा कायदा होता. ओल्मेदो निमूटपणे बर्फाच्या पेटीकडे गेला आणि एकेकीला मासा देत आला. शेवटचा त्याने दिग्नापुढे धरला. पण हातातून सोडेना.

"त्या दिवशी हा दोर इथेच होता का गं?" त्याने हलक्या आवाजात विचारलं.

"इथेच होता. आम्हीही सगळ्या होतो." तिने मासा हातात घेतला. "दुसरं टोक त्यांच्यापर्यंत न्यायला काही नव्हतं."

तिने मासा एप्रनमध्ये ठेवला आणि पिवळं यंत्र वर ओढायला बायकांना हाक मारली. ओल्मेदो हात लावायला पुढे झाला, तेव्हा "भावजी, तुम्ही समुद्रात आहात," म्हणून तिने त्याला बाजूला व्हायला सांगितलं.